वार्धक्यात पाऊल घसरू नये म्हणून



ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर, आजच्या नवी मुंबईतील नेरूळ विभागात, सारसोळे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव आहे. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरावे, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या धराव्यात आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून घर गाठावे, हा या किनाऱ्यावरील गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम. खाडीचा चिखल किती निसरडा असतो, हे त्यात पाऊल घातल्यावाचून समजावयाचे नाही. त्या चिखलात तोल सांभाळून ज्यांनी संसार उभे केले, त्या स्त्रीपुरुषांची पिढी आज सत्तरी-पंचाहत्तरीला पोहोचली आहे. खाडीत ज्यांचे पाऊल सहसा डगमगले नाही, त्यांनाच आज स्वतःच्या घरातील ओली लादी दगा देते, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

वृद्ध माणूस घरात पडले की "वय झाले, आता असे व्हायचेच," असे म्हणून विषय सोडून दिला जातो. पिकले पान गळायचेच, अशी आपली जुनी समजूत. पटकी, देवी, विषमज्वर हेसुद्धा एके काळी दैवाचे खेळ मानले जात. त्यांची कारणे समजली, उपाय सापडले आणि दैवाचा भाग कमी झाला. पडण्याचेही तसेच आहे. त्याला कारणे आहेत, ती शोधता येतात आणि त्यांतील बरीचशी दूर करता येतात. या भाषणाचा हेतू एवढाच आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो. यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. याच संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात आणि सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढते.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. २०२१ साली ती १३ कोटी ८० लाखांच्या आसपास असावी आणि २०३१ पर्यंत १९ कोटी ४० लाखांवर जाईल, असा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज आहे. महाराष्ट्रात २०११ मध्येच दर शंभर व्यक्तींत जवळजवळ दहा व्यक्ती साठीपलीकडच्या होत्या. याचा अर्थ असा की, आज ज्याला एखाद्या घरातील दुर्दैव समजले जाते, तो उद्या प्रत्येक गावाचा प्रश्न होणार आहे.

पडण्याने होणाऱ्या इजांत सर्वांत गंभीर म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ झालेली असतात. हाड मोडल्यावर माणूस अंथरुणाला खिळते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. अनेक देशांतील पाहण्या असे दाखवितात की, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी निदान एकपंचमांश वृद्ध वर्षभरात दगावतात, आणि जगतात त्यांच्यातील अनेकांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही. क्षणभराच्या घसरण्याची किंमत एवढी मोठी असते.

पायाखालची जमीन बदलली

सारसोळ्यासारख्या गावात हा प्रश्न अधिक स्पष्टपणे दिसतो. येथे एकाच पिढीच्या हयातीत पायाखालची जमीन अक्षरशः बदलून गेली आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. भातखाचरांच्या जागी रस्ते व वसाहती उभ्या राहिल्या. १९९२ च्या प्रारंभी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. गाव आणि खाडी यांच्यामधून पाम बीच मार्ग गेला.

गावठाणाची जागा मात्र वाढली नाही. कुटुंबे वाढली, तशी घरे आडवी पसरण्याऐवजी उभी वाढली. पूर्वीचे किनाऱ्यावरील घर बहुधा एकमजली व कौलारू असे. पुढे ओटी, आत माजघर आणि पायाखाली शेणाने सारवलेली भुई. ही भुई किंचित खरबरीत असे आणि सांडलेले पाणी ती शोषून घेई. आंघोळीची न्हाणी परसात खडबडीत दगडाची असे. आज तेथे मजल्यावर मजले चढले आहेत. जिने अरुंद आणि उभे आहेत, काहींना कठडेही नाहीत. भुईच्या जागी गुळगुळीत लाद्या आल्या, न्हाणीघर व शौचकूप घरात आले. ही सुधारणाच होय. शौचासाठी अंधारात बाहेर जावे लागत नाही, हे केवढे सुख आहे! तथापि घर बांधताना तरुण पायांचा विचार झाला, म्हाताऱ्या पायांचा करावयाचा राहून गेला.

तोल कसा सावरला जातो

चिखलात न पडणारे माणूस लादीवर का पडते, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून सूचना मिळत असतात: डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांची जाणीव. चिखलात चालताना पायाची बोटे रुततात, तळव्याला जमिनीचा अंदाज येतो, पाऊल आपोआप सावकाश पडते आणि सारे लक्ष पायांकडे असते. ओल्या लादीवर मात्र तळवा आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा किंवा साबणाचा पातळ थर येतो. पायाला रुतायला जागा नसते, आणि घर ओळखीचे असल्यामुळे लक्षही नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाय सरकणे निराळे आणि पडणे निराळे. पाय तरुणाचाही सरकतो. पण तो निमिषार्धात दुसरे पाऊल टाकून स्वतःला सावरतो. वयोमानाने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, मोतीबिंदूने दृष्टी मंदावते, मधुमेहामुळे तळवे बधिर होतात आणि सावरण्यासाठी लागणारे ते दुसरे पाऊल वेळेवर पडत नाही. यावरून उपायांच्या दोन दिशा स्पष्ट होतात: पाय सरकण्याचे प्रसंग कमी करणे आणि सावरण्याची शक्ती टिकवणे.

घरातील धोक्याच्या जागा

घरातील आजींच्या दिनक्रमाबरोबर घर फिरून पाहिले, तर धोक्याच्या बहुतेक जागा सापडतात.

पहिली वेळ रात्रीची. लघवीला जाण्यासाठी अंधारात उठावे लागते. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठल्यावर अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसावे, पायांचे चवडे वरखाली करावेत आणि मगच उभे राहावे. अंथरुणापासून शौचकुपापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर असावा, निदान हाताशी विजेरी असावी. या वाटेत पाट, बादल्या, मुलांची खेळणी, विजेच्या तारा नसाव्यात. दुमडणारी सतरंजी व सरकणारे पायपुसणे काढून टाकावे, किंवा खाली रबर असलेले वापरावे.

दुसरी जागा न्हाणीघर. येथे लादी खरबरीत हवी. संपूर्ण लादी बदलणे शक्य नसेल तर पाणी वाहून जाईल अशी जाळीदार रबरी चटई अंथरावी आणि ती बुळबुळीत होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घासावी. उभ्याने आंघोळ करण्याऐवजी भक्कम स्टुलावर बसून करावी. शौचकुपाशेजारी व दारापाशी भिंतीत पक्का दांडा बसवावा. टॉवेल टाकण्याची दांडी आधारासाठी कधीही धरू नये. ती माणसाचा भार पेलत नाही. ज्यांना खाली बसून उठवत नाही, त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची ठेवावी. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी, कारण आत पडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यात जो वेळ जातो तो फार मोलाचा असतो.

तिसरी जागा जिना. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातील जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. जुना जिना पाडून नवा करणे सर्वांना परवडणारे नाही. परंतु एका बाजूस तरी वरपासून खालपर्यंत सलग कठडा बसविता येतो, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढता येतो आणि वर-खाली दोन्हीकडे दिव्याचे बटण बसविता येते. दूरचे व जवळचे अशा दुहेरी भिंगाचा चष्मा जिना उतरताना फसवितो. खालच्या भिंगातून पायरी अस्पष्ट दिसते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आजी-आजोबांचे अंथरूण तळमजल्यावर आणणे. तळमजला भाड्याने देऊन वृद्धांना वर पाठविण्याआधी कुटुंबाने याचा विचार अवश्य करावा.

चौथी गोष्ट पायातील व अंगावरील वस्त्रांची. झिजून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल हे घसरण्याचे ठरलेले कारण. टाचेला पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल हवी. कोळी पद्धतीचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे पायात अडकत नाही. आज घरोघर वापरला जाणारा पायघोळ गाऊन मात्र अडकतो. तो घोट्याच्या वर राहील इतका आखूड करून घेणे ही पाच मिनिटांची शिवण आहे.

पाचवी जागा अंगणाची. किनाऱ्यावरील पावसाळ्यात ओट्याच्या पायऱ्यांवर, गल्लीतील फरशांवर आणि होड्या लागतात त्या धक्क्यांवर शेवाळ धरते. ब्लीचिंग पावडर टाकून कुंच्याने घासल्यास ते निघते. पाऊसभर हे काम नियमाने करावे लागते.

या उपायांचा खरोखर उपयोग होतो काय, याची तपासणी झालेली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यानुसार घरातील धोके शोधून दूर केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते. जे पूर्वी पडलेले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागते, अशांच्या बाबतीत ही घट ३८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून पैसा व वेळ मर्यादित असेल तेथे प्रथम अशा व्यक्तींची घरे निवडावीत.

शरीराची निगा

घर सुधारले तरी शरीराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. रक्तदाबाची, लघवी जास्त होण्याची, झोपेची आणि मधुमेहाची औषधे यांपैकी काहींनी चक्कर येते. चार किंवा अधिक औषधे चालू असल्यास धोका वाढतो. औषधे मनाने बंद करू नयेत, मात्र सर्व गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवाव्यात आणि "यांतील कोणत्या अजून आवश्यक आहेत?" असे विचारावे. डोळ्यांची तपासणी दरवर्षी करावी. मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबण्याची जुनी समजूत आता सोडून द्यावी.

व्यायामाचे महत्त्व याहूनही अधिक आहे. कॉक्रेन संस्थेच्याच २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या व २३ हजारांवर व्यक्ती यांचा विचार करण्यात आला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले. यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे. खुर्चीची पाठ धरून चवड्यांवर उभे राहावे. मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे आणि नंतर पाय बदलावा. एका सरळ रेषेत टाचेपुढे पाऊल ठेवीत चालावे. प्रारंभी कोणीतरी शेजारी असावे. नुसते चालणे हितकारक असले, तरी तोलाचा सराव निराळा करावा लागतो.

भीती आणि लपवणूक

या प्रश्नाचा एक भाग डोळ्यांना दिसत नाही. अनेक वृद्ध पडल्याचे घरात सांगतच नाहीत. हाताला खरचटले तर "दार लागले" म्हणतात. पडलो तरी नाक वर, असा हा हट्ट वाटतो; पण त्यामागे हिशेब असतो. सांगितले की बंदी येईल, हे त्यांना ठाऊक असते. बाजारात मासळी विकणे बंद, खाडीवर जाणे बंद, देवळात एकटे जाणे बंद. जिने सारे आयुष्य स्वतःच्या कमाईवर काढले, त्या म्हातारीला मोडलेल्या हाडाइतकीच या बंदीची धास्ती असते.

मुलेही वाईट हेतूने बंदी घालीत नाहीत. "आये, तू एका जागी बस, काही करू नकोस," हे प्रेमानेच म्हटलेले असते. परंतु बसून राहिल्याने स्नायू आणखी क्षीण होतात, तोल आणखी जातो आणि पडण्याचा संभव कमी न होता वाढतो. एकदा पडल्यावर मनात बसलेली भीतीही हेच करते. माणूस भिंत धरून चालू लागते, मग चालणेच टाळते. अशा रीतीने जिला सुरक्षित ठेवण्यासाठी बसविले, तीच पुढच्या वेळी मोरीपर्यंत जाताना पडते.

म्हणून वृद्ध पडले की घरातील पहिला प्रश्न "कोणी सांगितले होते तुला जायला?" हा नसावा. "कशाने पडलीस?" हा असावा. पहिल्या प्रश्नाने पुढच्या वेळी लपवणूक होते, दुसऱ्याने कारण हाती लागते. ओली पायरी होती, की चक्कर आली, की चप्पल निसटली, हे कळले तर पायरी कोरडी करता येते, औषध बदलता येते, चप्पल टाकून देता येते. जाणे-येणे चालू ठेवून वाट सुरक्षित करणे हाच खरा उपाय होय.

पडल्यानंतर

माणूस पडल्याबरोबर त्याला खसकन ओढून उभे करू नये. क्षणभर तसेच राहू द्यावे, कोठे दुखते ते विचारावे. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, किंवा मांडीच्या सांध्यात असह्य वेदना असली, तर खुबा मोडल्याची शंका घ्यावी. अशा वेळी मालीश करणे, पाय ओढून "बसविणे", लेप लावून दोन दिवस वाट पाहणे, हे सर्व घातक आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया आवश्यक असल्यास ती एकदोन दिवसांत होणे आणि त्यानंतर लवकर चालविणे, यांवर पुढचे आयुष्य अवलंबून असते. "या वयात कशाला शस्त्रक्रिया?" हा प्रश्न दयाळू वाटला, तरी त्याचे उत्तर बहुधा अंथरूण हेच असते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर वरून काही दिसत नसतानाही तपासणी करून घ्यावी.

इजा नसेल तर पडलेल्याने स्वतः कुशीवर वळावे, हात व गुडघ्यांवर यावे, रांगत खुर्चीपर्यंत जावे आणि तिच्या आधाराने सावकाश उठावे. हे एकदा निवांतपणी शिकून ठेवावे.

शासन, पंचायत आणि शाळा

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. ६५ वर्षे व त्यावरील, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद तीत करण्यात आली. या रकमेतून सर्वांत उपयुक्त वस्तू कोणती, हे त्या वृद्धाचे घर पाहून ठरविले तर पैसा सार्थकी लागेल. काठीची उंची मनगटापर्यंत असावी व तिच्या टोकाला रबराचे बूच असावे, एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ होईल. केंद्र शासनाची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनीही आहे.

पंचायत सदस्यांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायत कार्यालय, रास्त भावाचे दुकान, समाजमंदिर व देऊळ यांच्या पायऱ्यांना कठडे आहेत काय, हे पाहावे. पावसाळ्यापूर्वी ज्याप्रमाणे विहिरींत औषध टाकले जाते, त्याचप्रमाणे पाणवठ्याच्या व गल्लीतील पायऱ्यांचे शेवाळ काढण्याचा दिवस ठरवावा. घरकुल मंजूर होते तेव्हाच न्हाणीघरातील खरबरीत लादी व दांडा यांची आठवण लाभार्थ्याला करून द्यावी. बांधतानाचा खर्च किरकोळ असतो, नंतरचा वाढतो. आशा कार्यकर्तीच्या घरभेटीत "गेल्या वर्षभरात पडलात का?" हा एक प्रश्न विचारला गेला, तरी जोखमीची घरे समजून येतील.

शिक्षकांच्या हाती याहून परिणामकारक साधन आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना एका कागदावर दहा प्रश्न लिहून द्यावेत: रात्री दिवा आहे का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, आजीची चप्पल झिजली आहे का. मुलांनी हे प्रश्न घेऊन स्वतःच्या घरात फिरावे आणि आजी-आजोबांना बरोबर घ्यावे. जी गोष्ट मुलाला सांगितल्यास वृद्धांना अपमानास्पद वाटते, ती नातवाला सांगताना वाटत नाही. नातू पाहणी करतो आहे म्हटल्यावर लपविलेले पडणेही सहज बोलून जाते.

१ ऑक्टोबर हा दिवस १९९१ पासून जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, ते योग्यच आहे. त्याच दिवशी सत्कारमूर्तीच्या घरी जाऊन न्हाणीघरात एक दांडा बसविला, तर तो सत्कार वर्षभर टिकेल.

सारसोळ्याच्या ज्या पिढीने खाडीचा चिखल तुडवीत मुलांना मोठे केले, तिला आता एका जागी बसवून ठेवू नये. तिच्या पायाखाली कोरडी जमीन, हाताशी पक्का आधार आणि वाटेवर उजेड असावा. मग ही माणसे आपल्या पायांनी ओटीवर येतील, आणि जमेल तोवर खाडीपर्यंतही जातील.